नळीतला बाक

मगरीच्या घरट्यावर बसलं की गुडघ्यांना खालून ऊब लागते. कुजलेलं गवत, चिखल आणि आत अंडी. मी एकेक अंडं मोकळं करत होते. हलवण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने रेघ मारायची, कारण अंडं उलटलं की आतलं पिल्लू गुदमरतं, आणि मग ते रेघ वर ठेवूनच खोक्यात—

काठावर काहीतरी मोडल्यासारखा आवाज झाला. मोडल्याचा नव्हे. दाबल्याचा.

मग ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचं इंजिन बंद झालं. मग ओबेद काहीच बोलला नाही.

ओबेद माझा नवरा. गप्प राहणं त्याला जमत नाही. मासा गळाला लागला तरी बोलतो, सुटला तरी बोलतो.

मी रेडिओचं बटण दाबून विचारलं, काय झालं. नुसती खरखर. पुन्हा विचारलं.

"तुझ्या आईची रायफल," तो म्हणाला, "माझ्या चाकाखाली आली."

*

मी कुठे होते ते आधी.

खाडीच्या पलीकडे गवताचा तरंगता पट्टा आहे, त्याच्या टोकाला रानकेवड्याची चार झाडं, आणि झाडांच्या बुडाशी हे घरटं. ओबेदने मला पत्र्याच्या होडीतून आणून सोडलं आणि दुसरं खोकं आणायला तो परत गेला. आई या सगळ्या वेळात समोरच्या काठावरच्या उंचवट्यावर रायफल घेऊन उभी होती. घरट्यावर एक जण उतरला की काठावर एकाने रायफल रोखून उभं राहायचं, हा आमचा नेम. आमच्या घरात आईएवढा नेम कुणाचाच नाही.

ज्या मगरीचं घरटं होतं ती होडी आली तेव्हा दूर झाली होती. होडी गेल्यावर ती परत आली. मी आणि पाणी यांच्या मधल्या गवतात, माझ्यापासून दोन पुरुष अंतरावर, ती पडून होती. दिसत नव्हती. अधूनमधून श्वास सोडायची.

तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको.

*

आता रायफल चाकाखाली कशी आली ते.

आई आणि ओबेद यांच्यात माझ्या लग्नापासून एक शब्द झालेला नाही. भांडण नाही. सासू आणि जावई आमच्याकडे असेच राहतात. बोलायचं नाही, समोरासमोर यायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही, एका होडीत बसायचं नाही. जितकं लांब, तितका मान. आईच्या लेखी ओबेदएवढा चांगला जावई दुसरा नाही, कारण त्याने तिचं तोंड अजून नीट पाहिलेलं नाही.

एरवी मामा बरोबर असतो. मधला माणूस. आईचं त्याला सांगायचं, त्याने ओबेदला सांगायचं. पण मामाच्या पायाला फोड आला होता, तो दवाखान्यात. आणि वरच्या अंगाला जोराचा पाऊस पडत होता, आज अंडी काढली नसती तर दोन दिवसांत ती बुडाली असती. म्हणून आम्ही तिघंच निघालो. मधली मी.

पाणी उतरायला लागलं तसं ओबेदला होडीचा ट्रेलर उंचवट्याजवळून मागे, पाण्याकडे घ्यायचा होता. म्हणजे आई होती तिथेच यायचं होतं. ती बाजूला झाली. पण मी घरट्यावर असताना काठ मोकळा ठेवता येत नाही, म्हणून तिने रायफल त्याच्यासाठी ठेवली, आमच्यात ठेवतात तशी: झाडाच्या मुळीवर फडकं, फडक्यावर दस्ता. आणि झाडांमागे निघून गेली. त्याने येऊन उचलायची होती.

त्याला झाडांमधून तिच्या झग्याचा निळा रंग दिसला. त्याने मान फिरवली, जशी फिरवायला हवी. आणि मान फिरवलेलीच ठेवून ट्रेलर मागे घेतला.

तिने ठेवली ती रीतीने. त्याने बघितलं नाही ते रीतीने. मुळी आणि चाक यांच्या मधे नळी सापडली.

*

आम्ही ज्यांच्यासाठी अंडी काढतो त्यांच्या ऑफिसला फोन ओबेदने लावला. हेलिकॉप्टर मोठ्या नदीवर दुसऱ्या घरट्यांच्या कामावर होतं, आमच्याकडे ते सकाळी येऊ शकलं असतं. सकाळी. संध्याकाळनंतरच्या भरतीत या घरट्याच्या पायथ्याशी कंबरभर पाणी येतं, आणि ज्या बाईने ते बांधलं ती रात्री आळशी नसते.

त्याआधी ओहोटी. पाणी आणखी उतरलं की होडी या बाजूला येऊच शकत नव्हती, नुसता चिखल. म्हणजे होडी येण्यासारखं पाणी जेवढा वेळ होतं, तेवढाच वेळ त्या नळीकडे होता. रायफलीशिवाय कुणी घरट्यावरून उतरत नाही. शेजारच्या वाडीतला एक जण उतरला होता. त्याचं नाव आता आम्ही घेत नाही, गेलेल्या माणसाचं घेत नसतात.

तिघांकडे तीन रेडिओ होते आणि चॅनेल एकच. म्हणजे ओबेद काय बोलतो ते आईला ऐकू येत होतं, आई काय बोलते ते ओबेदला. पण रीतीप्रमाणे, मी सांगेपर्यंत दोघांपैकी कुणीही ते ऐकलेलं नव्हतं.

आईने सांगितलं: "त्याला विचार, गाडी मागे घ्यायला डोळे लागतात हे त्याला कुणी शिकवलं नाही का."

मी सांगितलं: "आई विचारतेय, नळी किती वाकलीय."

ओबेदने सांगितलं: "आईंना सांग, रायफल कुणी वाटेत... नको. हे सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. झाडांमागे आई गप्प होती, म्हणजे तिने ऐकलं नव्हतं.

*

ओबेदचे आजोबा रेड्यांची शिकार करणाऱ्या गोऱ्यांकडे कातडी सोलायच्या कामावर होते. घोड्यावरून पडलेल्या बंदुका सरळ करायचं कामही त्यांच्याकडेच असायचं. ओबेदने ते लहानपणी पाहिलं होतं, आणि मोठेपणी मामाच्या एका जुन्या बंदुकीवर स्वतः करूनही पाहिलं होतं. ती बंदूक नंतर बरी चालली. बरी.

मला काठावरचं सगळं करंगळीएवढं दिसत होतं. त्याने दोन झाडांमधे निळी ताडपत्री ताणून बांधली, वरची कड अगदी आडवी, कडेच्या वर पांढरं आभाळ. मग नळीमागची खिट्टी, बोल्ट, काढून घेतला, म्हणजे नळी दोन्हीकडून उघडी झाली, आणि तिच्यातून तो ताडपत्रीच्या कडेकडे बघू लागला. काय करतोय ते तो बोलत होता. बोलणं त्याला आवरत नाही, आणि मला ते हवं होतं.

नळी आतून चकचकीत असते. समोर आडवी कड धरली की तिची सावली नळीच्या आत सुतासारखी लांबवर ताणलेली दिसते. सूत ताठ असलं तर नळी सरळ. सूत कुठे झोळलं तर तिथे बाक. मग नळी डोळ्यापुढे हळूहळू फिरवायची. झोळ सगळ्यात मोठा दिसला की थांबायचं, बाक त्या अंगाला. तिथे कोळशाची खूण.

"झोळलंय," तो म्हणाला. "चांगलंच झोळ—"

मगरीने श्वास सोडला. जवळून. मी रेडिओ पोटाशी दाबून त्याचा आवाज बंद केला.

गवताची तीन पाती हलली आणि थांबली. वारा असता तर सगळीच हलली असती.

*

बटण पुन्हा लावलं तेव्हा तो लोखंडलाकडाच्या झाडाशी होता. त्या झाडाला माणसाच्या छातीइतक्या उंचीवर बेचका आहे. बेचक्यात झाडाच्या सालीची घडी घालून त्याने नळी आत सरकवली, खूण बेचक्यावर आली, आणि दुसऱ्या टोकावर तो सगळा भार देऊन लोंबकळला. मला तो लोंबताना दिसला. मग उतरला, ताडपत्रीपाशी गेला, बघितलं, परत आला.

पोलाद दाबलं की परत येतं, तो सांगत होता. हवं त्यापेक्षा थोडं जास्त दाबायचं, म्हणजे परत आल्यावर ते बरोबर जागी बसतं. किती जास्त, ते आजोबांच्या मनगटाला माहीत होतं. त्याच्या मनगटाला अर्धवट माहीत होतं. लोंबायचं, बघायचं. लोंबायचं, बघायचं. एकदा जास्त झालं, उलट्या अंगाने झोळलं, मग उलटं दाबावं लागलं.

मी अंडी काढत राहिले. हाताला काम हवं होतं. रेघ, अंडं, खोकं. रेघ. चिखलाचा वास. पाणी केवड्याच्या मुळांवरून एक बोट उतरलं होतं, मुळांवर ओली पट्टी दिसत होती.

आईने विचारलं, त्याला विचार झालं का. मी विचारलं. तो म्हणाला, एक बाक गेला, पण पुढे तोंडाशी आणखी एक बारीक बाक दिसतोय, चाकाखाली दोन ठिकाणी दबली असणार. तोही काढतो. मी आईला सांगितलं, होत आलंय. दोन बाक, एक बाक, मला त्यात काय कळणार होतं. मला गवत बघायचं होतं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "सूत ताठ आहे. एकदम ताठ. आजोबांनी केली असती तशी."

त्याने रायफल फडक्यावर ठेवली, या खेपेला मोकळ्या जागी, आणि पाठ करून ट्रेलरच्या पलीकडे गेला. आई झाडांमागून आली. तिने रायफल उचलून नळीतून पाहिलं, खूप वेळ.

*

काडतुसं चार होती. एक बघायला वापरायचं ठरलं. ओबेदने अंतर नजरेने धरून, काठापासून मी जितकी लांब तितक्या लांबीवरच्या एका झाडावर मूठभर चिखल थापला आणि बाजूला झाला. आईने गुडघा टेकला.

बार झाला. सगळे बगळे उठले. घरट्यापुढच्या गवतात खळबळ झाली, एक जड अंग पाण्यात उतरलं, मग लाट, मग काहीच नाही.

आता ती कुठे आहे हेच कळायचं बंद झालं.

आणि गोळी चिखलाला लागली नव्हती. चिखलापासून हातभर डावीकडे झाडाची साल उडाली होती.

आईने सांगितलं, नळी वाकडीच आहे. ओबेदने सांगितलं, नळी सरळ आहे. आईने सांगितलं, तिला झाडावरचं भोक दिसतंय. ओबेदने सांगितलं, त्याला सूत दिसलंय. मी दोघांचं दोघांना सांगत होते, आणि पाणी मुळांवरून आणखी उतरत होतं. शेवटी मी दोघांनाही सांगितलं की माझ्या पायाशी मगर आहे, कुठल्या पायाशी ते माहीत नाही, तेव्हा आधी ठरवा.

आईने रायफल गुडघ्यावर आडवी ठेवली.

"त्याला सांग," ती म्हणाली, "माझी नळी सरळ कधी नव्हतीच."

*

जो माणूस गेला, माझा बाप, त्याने ती वाकवली होती. लॉरी चिखलात रुतली होती, जॅकखाली द्यायला काही मिळेना, त्याने रायफलच तरफेसारखी घातली. लॉरी निघाली. नळी तोंडाशी जराशी उजवीकडे गेली. एक अख्खा उन्हाळा आई त्याच्याशी धड बोलली नाही. मग तिने हाताला सवय केली: जे मारायचं त्याच्या थोडं डावीकडे धरायचं. तेव्हापासून हंस, डुकरं, रेडे, सगळं तिने डावीकडे धरून मारलंय. लोक म्हणतात तिचा नेम चुकत नाही. तो नेम बाक धरून होता.

आणि ओबेदने तो बाक काढून टाकला होता. छान, सरळ.

मी हे ओबेदला सांगितलं. तो म्हणाला, मग सोपं आहे, आता सरळ धरायचं.

आईने सांगितलं: "त्याला सांग, डोकं सरळ धर म्हणेल, हात नाही ऐकायचा. ती वर येईल तेव्हा मी डोक्याला विचारत बसणार आहे का."

मी सांगितलं: तेच, तसंच्या तसं.

ओबेद म्हणाला, पुढची माशी, जिच्यावरून नेम धरतात ती खुंटी, तीच हातोडीने थोडी सरकवू. आई म्हणाली, माशी पितळेने जोडलेली आहे, त्याच माणसाने जोडलेली, सरकत नाही. ओबेदने ठोकून पाहिलं. सरकली नाही.

"फेली," तो मला म्हणाला, आणि हे आईला सांगायचं नव्हतं हे मला आवाजावरून कळलं, "सरळ नळी मुद्दाम वाकवायची मी कधी ऐकलं नाही. आजोबा असते तर त्यांनी माझा कान धरला असता. पोलाद थकलंय. इतक्यांदा दाबलंय. आणखी एकदा दाबलं आणि कुठे चीर गेली तर बार उलटा तुझ्या आईच्या तोंडावर जाईल."

मी आईला हे सांगितलं नाही. आई ऐकत होती, पण मी सांगितलं नाही, म्हणून तिने ऐकलं नाही.

केवड्यामागे पाणी डचमळलं. मासा असेल. मोठा मासा.

"वाकव," मी म्हणाले.

"केवढी? माप कुठंय?"

माप आईने दिलं. झाडावर चिखल आहे, झाडावर भोक आहे, त्याला म्हणावं मधलं अंतर घे, तेवढंच माझं डावीकडे. ओबेद झाडाशी गेला, चिखल आणि भोक यांच्या मधे कोपरापासून हात लावून उभा राहिला. तो हात तसाच अवघडून, जणू त्यात काही सांडेल, बेचक्यापर्यंत घेऊन आला. मला हसू यायला हवं होतं.

तो लोंबला. एकदाच. ताडपत्रीपाशी गेला, बघितलं.

"झालं," म्हणाला.

मी विचारलं, नक्की?

"झालं म्हटलं ना."

या आवाजात तो म्हणतो, इंजिनाला काही झालेलं नाही. या आवाजात तो म्हणतो, चहाला साखर आहे घरात.

त्याने खरंच वाकवली होती की वाकवल्यासारखं केलं होतं? त्याला सूत ताठ आवडतं. आईच्या तोंडाची त्याला काळजी होती. ज्या तोंडाकडे त्याने कधी पाहिलं नाही, त्याची. दुसरा बार करून बघावं, असं आई म्हणाली. पण होडीचा तळ चिखलाला लागला होता.

*

आता काठावरून राखण करता येणार नव्हती. पाणी उतरल्यावर समोरची बाजू चिखल झाली होती, होडीला केवड्याच्या मागून वळसा घालून यावं लागणार होतं, आणि केवड्याच्या मागचं काठावरून काहीच दिसत नाही. म्हणजे रायफल होडीत हवी. म्हणजे आई होडीत हवी.

हे कुणी कुणाला सांगितलं नाही. मी पाहिलं, ओबेदने होडी पाण्यात ढकलली आणि पाठ फिरवून उभा राहिला. आई पाण्यातून चालत आली, पुढच्या टोकाला बसली, तोंड पुढे. मग तो मागून चढला, टोपी नाकापर्यंत ओढली, मान आडवी केली, आणि इंजिन सुरू केलं. अख्ख्या होडीत जितकं अंतर ठेवता येतं तितकं ठेवून ती दोघं निघाली.

त्याला पुढचं दिसत नव्हतं. पुढे बघितलं तर आईची पाठ दिसली असती. मी रेडिओवर सांगत होते, डावीकडे, आणखी, आता सरळ, हळू. कधी नव्हे ते ओबेद मुकाट्याने ऐकत होता. आई गुडघ्यावर होती, रायफल खांद्याला.

मी उठून उभी राहिले. खोकं दोन्ही हातांत. घरटं ते होडी, मधे मांडीभर पाणी आणि गवत, लांबी एका झोपडीएवढी. होडी वळसा घालून समोर आली. थांब, मी म्हणाले. त्याने इंजिन बंद केलं.

काहीच हललं नाही. पाण्यावर गवताचं कुसळ तरंगत होतं, माझ्या डाव्या बाजूने उजवीकडे जात होतं, आणि मग ते उलटं, डावीकडे—

ती वर आली.

माझ्या डाव्या गुडघ्याशी. आधी डोकं, मग खांदे, घरट्याच्या उतारावर पंजा. तोंड उघडं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती आणि पुढच्या क्षणी काय करायचं ते तिने ठरवलेलं होतं.

मी होडीकडे पाहिलं. नळी दुसरीकडे रोखलेली असली की तिचं तोंड लांबट दिसतं. मला ते गोल दिसत होतं. पूर्ण गोल, काळं, आणि त्याच्या वर आईचा मिटलेला एक डोळा. नळी मगरीवर नव्हती. माझ्या पायावर होती. आई डावीकडे धरून होती, तिच्या डावीकडे, म्हणजे मी जिथे उभी होते तिथे.

त्याने वाकवली असेल तर गोळी मला चुकवून मगरीकडे जाईल. नसेल वाकवली तर—

मला एक शब्द म्हणता आला असता. सरळ. एवढाच. आईने ऐकला असता, तिच्याशी मी थेट बोलू शकते, आमच्यात कुणाची आडकाठी नाही. आणि त्याने वाकवली असेल, तर त्याच शब्दाने ती चुकली असती. ओबेदला विचारता आलं असतं, पण तो मान आडवी करून बाजूच्या पाण्याकडे बघत होता, आई कुठे धरतेय ते त्याला दिसत नव्हतं, आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. झालं म्हटलं ना.

मगरीचा पंजा घरट्यात रुतला.

मी पाय हलवला नाही. मी काही बोलले नाही. मी ओबेदच्या त्या आवाजाकडे लक्ष दिलं, जितकं कधीच दिलं नव्हतं, साखर आहे, इंजिनाला काही झालेलं नाही, आणि त्यात खोटं कुठे आहे ते शोधत—

बार.

पाणी उडालं ते मगरीच्या पलीकडून. माझ्यापासून लांबच्या बाजूने, तिच्या कानापाशी. ती उलटली, शेपटीचा तडाखा घरट्याच्या कडेला बसला, मी खोक्यासकट पाठीवर पडले. रेघा मारलेली अंडी सगळी माझ्या पोटावर, कुठल्याची रेघ खाली, कुठल्याची आडवी. गवतातून एक लाट लांब गेली, खाडीच्या मधोमध पोचली, आणि विरली.

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. पाणी मांडीला गार लागलं. होडीच्या कडेला माझी नखं. आईचा हात माझ्या दंडाला, फक्त हात, तिने मान वळवली नव्हती, कारण मान वळवली तर मागे ओबेद. मी मधल्या फळीवर. माझ्यापुढे आईची पाठ, माझ्यामागे टोपीखालचा ओबेद.

आई रायफल मांडीवर घेऊन नळीवर हात फिरवत होती, तोंडापासून मागे, तोंडापासून मागे. चीर शोधत होती. म्हणजे तिने ते ऐकलं होतं.

"त्याला सांग," ती पुढे बघून म्हणाली, "बाक थोडा जास्त झालाय."

ओबेद माझ्यामागे हातभरावर होता. त्याने ऐकलं नव्हतं. तो थांबला. होडी ओहोटीबरोबर खाडीच्या तोंडाकडे वाहायला लागली होती तरी इंजिनाची दोरी हातात धरून तो थांबून राहिला.

मी सांगितलं.

"आईंना विचार, जास्त म्हणजे किती."

मी विचारलं. आईने एक हात पाठीमागे घेतला आणि दोन बोटांमधे अंतर धरून दाखवलं. त्याला ते बघता येत नव्हतं. मी बघितलं, आणि वळून माझी दोन बोटं त्याच्या टोपीखाली धरली. तो त्यांच्याकडे बघत राहिला. बोटं इतकी थरथरत होती की माप ठरेना.